कपड्यांच्या दोरीवरची वायर

कुणाच्याही ऑफिसात शिरले की मी आधी माणसांकडे बघत नाही, भिंतीच्या कडेकडेने बघते. कुठली वायर कुठून आली, कुठे चालली, मध्येच कुठल्या कपाटामागे गडप झाली. घरी पाहुणे आले तरी माझी नजर त्यांच्या चार्जरवर असते, असं आमचे हे सगळ्यांना सांगतात. असतेच. आयुष्यभर हेच केलं म्हटल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरला जो तो खोकताना दिसतो, मला जो तो पासवर्ड सांगताना दिसतो.

माझं काम बाहेरच्यांना समजावणं तसं सोपं आहे. लहान ऑफिसात चार-पाच कॉम्प्युटर असतात, एक प्रिंटर असतो आणि कोपऱ्यात एक जुनं मशीन असतं, ज्यात सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवतात. त्याला सर्व्हर म्हणतात. प्रत्येकाचं त्यावर खातं असतं, म्हणजे आपलं नाव आणि आपला पासवर्ड. सगळ्यांच्या वायरी एका छोट्या पेटीत येऊन मिळतात, ती स्विच. एवढ्यासाठी पगारी माणूस ठेवणं कुणाला परवडत नाही, म्हणून तळेगाव ते लोणावळा मी स्कूटरवरून फिरते. एक शाळा, दोन-तीन दवाखाने, नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यांचे ठेकेदार, लोणावळ्यातली हॉटेलं. कुठे मॅडम, कुठे नेटवाल्या ताई. शिडीवर चढले की खालचे पुरुष शिडी धरायला उगाच धावतात. मी म्हणते, शिडी राहू द्या, तो मेन स्विच तेवढा बंद आहे का बघा.

कॉम्प्युटर चालवायला विंडोजच्या जागी मी शक्यतो लिनक्स टाकते. ते फुकट आहे. ‘फुकट’ म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा आधी उजळतो आणि लगेच पडतो. नवलाख उंबऱ्याला कामगार पुरवणारे एक ठेकेदार आहेत. त्यांनी मला सरळ विचारलं, “ताई, फुकट देत्यात म्हंजी त्यांचा काय डाव असंल?”

हा माणूस मला तिथल्या तिथे आवडला. मी सांगितलं, डाव नाही, हे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय आणि आतलं सगळं उघडं ठेवलंय. कुणीही वाचावं, चूक असेल तर दाखवावी.

“तुमी वाचलंय?”

“सगळं नाही. थोडं.”

“मंग कुनी वाचलंय?”

“कुणीतरी वाचलंय, असं आम्ही सगळे धरून चालतो.”

“म्हंजी तुमचंबी आमच्यासारकंच हाय,” ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. या प्रश्नाचं याहून बरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

लोहगडवाडीच्या एका टपरीवाल्याने ट्रेकला येणाऱ्यांसाठी वायफायचा पासवर्ड पाटीवर रंगवला होता, पिठलं-भाकरीच्या खाली. त्याच वायफायवर त्याचा स्वतःचा फोन, बँकेसकट. मी त्याला झापलं. तो म्हणाला, “ताई, गडावर येनारा मानूस चोर नसतो, दमल्याला असतो.” मी पाहुण्यांचं वायफाय वेगळं करून दिलं.

पण मला सांगायचंय ते आबांच्या ऑफिसाचं.

आबांचं घर लोणावळ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत. शेतकरी कुटुंब. डोंगराकडची जमीन वडिलांच्या काळात मुंबई-पुण्याच्या लोकांना विकली गेली आणि तिच्यावर बंगले उठले. बंगल्यांचे मालक वर्षाकाठी एकदा येतात. उरलेल्या दिवसांत ते बंगले शनिवार-रविवारसाठी भाड्याने देणं, हा आबांचा धंदा. घराच्या खालच्या मजल्यावर ऑफिस. अंगणापलीकडे धाकट्या भावाचं घर. चुली वेगळ्या, अंगण एक. आई धाकट्याकडे.

एका गिऱ्हाईक डॉक्टरांनी माझं नाव सुचवलं होतं. फाटकातून आत येते न येते तोच आबा म्हणाले, “चोर कोन त्ये मला ठावं हाय. तुमी फकस्त पुरावा काडून द्या.”

मी म्हटलं, आधी चोरी काय झालीय ते तर सांगा.

चोरी अशी होती. एखादं गिऱ्हाईक फोन करून चौकशी करायचं. नाव, नंबर, कुठला शनिवार, किती माणसं, सगळं सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये लिहिलं जायचं. बंगला मोकळा आहे का ते राखणदाराला विचारून आबांकडून उलटा फोन जाईपर्यंत त्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच माणसाचा फोन आलेला असायचा. त्याच शनिवारसाठी, त्याहून स्वस्त बंगला. फोन करणारा दर वेळी वेगळं नाव सांगायचा, नंबरही बदलायचा. हंगामात हे वरचेवर व्हायला लागलं तेव्हा आबांची झोप उडाली. बंगल्यांचे मालक विचारायला लागले होते की आमचा बंगला रिकामा का राहतो.

चौकशीचे फोन घेणारी एकच. सुजाता. टाकव्याची, कॉमर्स शिकलेली, या ऑफिसात कितीतरी वर्षं काम करणारी. बाकी सगळे घरचे किंवा भावकीतले, ती एकटी बाहेरची. बाहेरची म्हणजे काय, ते गावात कुणी फोड करून सांगत नाही. सुजाता बौद्ध घरातली आहे, हे मला पहिल्या दिवशी तिघांनी न विचारता सांगितलं.

आबांकडे दर शुक्रवारी सकाळी सगळ्या बंगल्यांचे राखणदार येतात. चहा होतो, आठवड्याच्या पाहुण्यांचं बोलणं होतं, चाव्या घेऊन माणसं पांगतात. मी यायच्या आधीच्या शुक्रवारी, या सगळ्यांसमोर, आबांनी सुजाताला तिचा फोन उघडून टेबलावर ठेवायला लावला होता. मग एकेक मेसेज बघितला.

“काय सापडलं?” मी विचारलं.

“काय बी न्हाई. हुशार हाय ती. पुसून टाकत आसंल.”

संशयाच्या धंद्यात मुरलेल्या बाईलाही इथे थांबावं लागलं. मी सगळ्यांवर सारखा संशय घेते, मालकावर सुद्धा, आणि काही सापडलं नाही की पुढे सरकते. आबांना काही न सापडणं हाच पुरावा वाटत होता. असा संशय एकदा बसला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

सुजाता तिच्या जागेवर काम करत होती. मी तिच्या टेबलाखाली वाकले, तेव्हा वर न बघता ती म्हणाली, “तुम्ही माझ्यासाठीच आलात ना?”

“मी वायरींसाठी आलेय.”

“वायरींचं बरं असतं. त्यांना कुणी सगळ्यांसमोर फोन उघडायला लावत नाही.”

मी टेबलाखालून बाहेर आले. ती हळू आवाजात बोलत होती, पण एकही शब्द गिळत नव्हती. “ताई, मी त्याच दिवशी नोकरी सोडणार होते. पण तेव्हा सोडली असती तर चोर म्हणूनच गेले असते. कामशेत काय, तळेगाव काय, सगळीकडे यांचे पाहुणे. मला कोण ठेवून घेईल? लहान भावाचं शिक्षण माझ्यावर आहे. म्हणून बसलेय.”

मला वाईट वाटलं. पण माझा तिच्यावरचा संशय गेला नाही, हेही सांगते. पोटतिडकीने बोलणारी आणि आतून पोखरणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

आबांचा दुसरा संशयित होता लिनक्स. माझ्याआधी काम बघणारा एक मुलगा ते सर्व्हरवर टाकून देऊन पुण्याला निघून गेला होता. “फुकटचं हाय न्हवं त्ये. त्याच्यातनंच समदं जगाला दिसत आसंल. काडून टाका आन् इकतचं टाका.” मी दोन दिवस ते मशीन उलटंपालटं केलं. त्या मुलाने काम चोख केलं होतं. बाहेरून आत यायला वाट नव्हती. फक्त एक गोष्ट खटकली. प्रत्येकाच्या खात्याला पासवर्ड होता, पण ज्यात गिऱ्हाइकांची नावं लिहायची त्या सामायिक फोल्डरला कुलूपच नव्हतं. ऑफिसच्या वायरीवर जो असेल त्याने खुशाल उघडावं.

“हे कुलूप कुणी काढलं?”

“मीच काडाया लावलं,” आबा म्हणाले. “दर बारीला पासवर्ड कोन टाकत बसंल? हितं समदी घरचीच मानसं.”

म्हणजे चोर वायरीवरच होता. ऑफिसात बसणाऱ्यांपैकी कुणीतरी. सुजाता त्यात होतीच.

या धंद्यात सुट्टी सोमवारी असते. मी आबांना म्हटलं, सोमवारी कुणाला बोलावू नका, फक्त तुम्ही आणि मी. सोमवारी सकाळी मी एकेक कॉम्प्युटर बंद केला. प्रिंटर बंद केला. आबांचा फोन बंद करायला लावला, माझाही केला. बाहेरून येणारी इंटरनेटची वायरही उपटली. चालू ठेवला तो फक्त सर्व्हर. मग आबा आणि मी मिळून लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं. मागे स्विच होता, धुळीने माखलेला.

स्विचवर प्रत्येक वायरीचा एक छोटा दिवा असतो. पलीकडे कुणी जागं असेल तर तो लागतो, आणि वायरीवरून काही बोलणं चालू असेल तर लुकलुकतो. सर्व्हरचा दिवा लागलेला असणार हे धरलेलंच होतं. बाकी सगळे विझायला हवे होते. एक विझला नव्हता, आणि तो लुकलुकत होता.

मी सर्व्हरच्या पडद्यावर बघितलं. येत्या शनिवारच्या चौकशांची फाइल कुणीतरी त्या क्षणी उघडून बसलं होतं. रिकाम्या ऑफिसात, आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत.

“भूतबित हाय का काय?” आबांनी विचारलं. ते गंमत करत नव्हते.

“भूत असतं तर वायर लागली नसती,” मी म्हटलं आणि त्या दिव्याची वायर हातात धरली. निळी वायर. तिच्यावर हात फिरवत निघाले. ती कपाटामागून खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून बाहेर गेली, पत्र्याखालून कोपऱ्यापर्यंत आणि तिथून अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढली. दोरीला ती जागोजागी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेली होती, नीट, काळजीने. वर टॉवेल, परकर, पोरांचे युनिफॉर्म. दोरी जिथे संपली तिथे धाकट्या भावाचं घर सुरू होत होतं.

मी मागे वळून पाहिलं. आबा अंगणाच्या मधोमध उभे होते.

“ही तर मीच बांदलीया,” ते म्हणाले.

आई धाकट्याकडे राहायला गेली तेव्हा तिने एकच मागितलं होतं. नाशिकला दिलेली लेक तिला रोज फोनवर दिसायला हवी. त्या बाजूला डोंगराच्या आडोशामुळे फोनला रेंज नाही. मग आबांनी केबलवाल्याकडून वायर आणि पलीकडे लावायला वायफायची डबी आणली, आणि वायर स्वतः स्टुलावर चढून बांधली. त्यानंतर ऑफिसात कपाट आलं, वायर त्यामागे गेली.

“आईसाटी नेट दिलं व्हतं. दप्तर कुटं दिलं व्हतं?” आबा मला विचारत होते.

आबांच्या मनात नेट म्हणजे पाण्याची लाइन. आपल्या विहिरीवरून भावाला एक लाइन दिली तर पाणी जाईल, घरातली भांडी कशी जातील? त्यांचं चुकलं एवढंच की वायरीला हा फरक कळत नाही. ती ऑफिसच्या पेटीत खोचली की पलीकडचं घर ऑफिसच होतं. आणि फोल्डरचं कुलूप त्यांनीच काढलेलं.

आम्ही पलीकडे गेलो. भाऊ कामावर गेलेले. आई खाटेवर फोन घेऊन बसल्या होत्या. शिलाई मशीनवर लॅपटॉप उघडा होता आणि त्यापुढे धाकट्या भावाची बायको, सुनंदा वहिनी. आबांना बघून त्यांनी पदर डोक्यावर ओढला. आबा उंबऱ्याबाहेरच थांबले. धाकट्या भावजयीशी ते कधी सरळ बोलत नाहीत, तशी त्यांच्यात पद्धत नाही. त्यामुळे पुढचं सगळं माझ्यामार्फत झालं.

मी विचारलं, “वहिनी, आबांच्या ऑफिसची फाइल तुमच्याकडे उघडी आहे का?”

“व्हय,” त्या म्हणाल्या. जरासुद्धा गडबडल्या नाहीत. “ह्यो चालू केला की म्होरंच दिसती. आमी काय कुलूप तोडलं न्हाई.”

“मग ती माहिती...”

“माज्या भावाचा खोपोलीला ह्योच धंदा हाय. नवीन हाय त्यो. त्याला जरा आदार व्हतो. हितं काय कमी हाय?” हे शेवटचं वाक्य त्या उंबऱ्याकडे न बघता, पण उंबऱ्यापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात बोलल्या.

आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. ते काही बोलणार तेवढ्यात खाटेवरून आईंनी विचारलं, “काय झालं रं? नेट गेलं व्हय? नाशिकवरनं ताईचा फोन यायचाय.”

“येतंय, आई. आत्ता येतंय,” आबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी परत जाऊन उपटलेली इंटरनेटची वायर खोचली.

अंगणातली वायर तोडायची नाही, हे आबांनी ऑफिसात पाऊल टाकताच सांगितलं. मला ते पटलं. मी दोन वाटा वेगळ्या केल्या. आईंच्या वायरीवरून बाहेरचं जग दिसेल, ऑफिस दिसणार नाही. फोल्डरला कुलूप घातलं. या कामाला कुठलंही विकतचं सॉफ्टवेअर लागलं नाही, हे मी आबांना मुद्दाम ऐकवलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

“ताई,” ते म्हणाले, “शुक्रवारी समदे येत्यात. व्हायरस व्हता आसं सांगा.”

आमच्या धंद्यात ज्याला जे नको असेल ते व्हायरसच्या नावावर खपवतात. मी म्हटलं, “मी नाही सांगणार.”

“भावकीचं हाय. बोभाटा झाला तर म्हातारी कुनाकडं तोंड करंल? तिला दोनी पोरं पायजेत.” सकाळपर्यंत हा माणूस मला नकोसा वाटत होता, त्या घडीला त्याची दया आली. आपल्या हाताने बांधलेल्या वायरीवर सगळं घर लोंबकळताना दिसलं तर कुणीही व्हायरसचा आडोसा शोधेल.

“आणि सुजाताचं काय?”

“तिला ठिवतोच की. पगारबी वाडवतो.”

“तिने पगार नाही मागितलेला, आबा.”

शुक्रवारी माझं तिथे काही काम नव्हतं, तरी गेले. आबा व्हायरसच सांगणार अशी मला खात्री होती आणि ते माझ्या तोंडावर सांगायची त्यांची हिंमत होते का, ते बघायचं होतं. ऑफिस राखणदारांनी भरलेलं होतं. चहा चालू होता. सुजाता आली आणि दाराशीच उभी राहिली, आपल्या जागेवर बसली नाही.

“तर काय झालं,” आबांनी सुरुवात केली, “त्या मशीनमंदी...” आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मग सुजातावर. चहा पिणारे थांबले.

“सुजातानं काय बी केल्यालं न्हाई,” ते म्हणाले. “मी वायर बांदली, ती त्या घरात गेली. तितनं सुनंदा बगत व्हती. खोपोलीला तिच्या भावाला सांगत व्हती. चोरी माज्या घरातनं झाली.”

माझा अंदाज चुकला होता. अंदाज चुकल्याचा एवढा आनंद मला क्वचितच झाला असेल.

राखणदारांत हौसामावशी सगळ्यांत जुन्या, धरणाकडचा बंगला सांभाळतात. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, “मंग वैनींचा फोन कवा बगायचा हितं टेबलावर?”

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. या ऑफिसची पद्धत काय आहे, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं.

आबा खाली बघत म्हणाले, “ती घरातली हाय, मावशे.”

मी सुजाताकडे बघितलं. ती रागावलेली दिसत नव्हती. एखादा हिशेब जुळावा तशी ती शांत झाली होती.

“असू द्या मावशी, मला कुणाचा फोन बघायचा नाही,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “ताई, माझं खातं बंद करा. आत्ता, सगळ्यांसमोर.”

“आगं, आता कशापायी?” आबा उठले. “बोललो न्हवं मी समद्यांम्होरं?”

“बोललात. म्हणूनच आज जाता येतंय. उद्या परत काही गेलं तर तुम्ही पुन्हा बाहेरचं माणूस शोधाल, आबा. तेव्हा या मशीनवर माझं नाव नको.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला थांब म्हणून सांगेन असं त्यांना वाटलं असावं. मी सर्व्हरपुढे बसले. माणूस जाताना त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. एरवी मालक ते सांगायचं विसरतात, आणि मी महिनोन्महिने गेलेल्या माणसांची नावं खोडत बसते. जाणाऱ्याने स्वतः मागणी केल्याचं मी फक्त त्या दिवशी पाहिलं.

लिनक्सची एक रीत आहे. सांगितलेलं काम नीट झालं की ते काही बोलत नाही, पुढच्या हुकमाची वाट बघत राहतं. मी हुकूम दिला. पडद्यावर काही उमटलं नाही. मागे उभी असलेली सगळी माणसं काहीतरी उमटायची वाट बघत होती.

“झालं?” सुजाताने विचारलं.

“झालं.”

तिचा माझ्या शब्दावर विश्वास बसला नाही, आणि मला ते योग्यच वाटलं. ती पुढे आली, खुर्चीत न बसता वाकली, स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मशीनने तिला आत घेतलं नाही. तिने पुन्हा टाकला, एकेक अक्षर सावकाश दाबत. मशीनने पुन्हा ओळख दिली नाही. ते बघून सुजाता हसली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.